बोगोतात गूळ मिळतो!

कोलंबियात गूळ मिळतो! तांबूस, दाणेदार, ढेपेचा गूळ, कोपऱ्यावरच्या दुकानात, साखरेच्या शेजारीच! नाव पानेला. आणि मला ते सांगितलं माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं. तिनं मला पातेल्यात पाणी तापत ठेवायला लावलं, त्यात पानेलाचा खडा टाकला, विरघळल्यावर लिंबू पिळलं आणि कप माझ्यासमोर ठेवला. ‘आग्वापानेला’, म्हणजे चक्क गूळपाणी! दारी आलेल्याला आधी गूळपाणी द्यावं ही माझ्या आईची कोल्हापुरातली शिस्त. इथं बोगोतात दारी आलेली मी होते, आणि देणारी मुलगी कायद्यानं अजून आमची व्हायची होती.

आम्ही दोघं मूळचे कोल्हापूरचे, राहतो न्यू जर्सीत, पासपोर्ट अमेरिकेचा. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, सख्खी बहीणभाऊ, दोघंही बोगोतातलीच. कोलंबियातून परदेशात दत्तक जाणारी मुलं बहुधा अशीच असतात, थोडी मोठी किंवा भावंडांसकट. त्यांचं आमच्या आधीचं आयुष्य त्यांचं आहे, ते मी लिहिणार नाही. पण इथले दिवस लिहिल्याशिवाय मला राहवतच नाही!

तर कागदांचं असं असतं. बालकल्याणाची सरकारी संस्था, इन्स्तितुतो कोलोम्बियानो दे बिएनेस्तार फामिलियार, मुलं तुमच्या हाती देते, पण ती घेऊन लगेच विमानात बसता येत नाही. आधी एकत्र राहायचं, मग संस्थेची माणसं सूर जमतोय का ते बघणार, मग फाइल कौटुंबिक न्यायाधीशांकडे. निकाल लागला की नवा जन्मदाखला, त्यावर कोलंबियाचा पासपोर्ट, मग अमेरिकन दूतावासाच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे तपासणी, शेवटी व्हिसा. तो व्हिसा घेऊन अमेरिकेत पाऊल टाकलं की मुलं त्याच क्षणी तिथली नागरिक होतात, तसा 2000 सालचा कायदाच आहे. मधले आठवडे कुणाच्याच हातात नसतात. नवरा लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करतो आणि मी? मी मुलांमागून शहरभर हिंडते!

कारण शहर त्यांचं आहे! रस्ता कुठून ओलांडायचा, बसचं कार्ड कुठं भरून घ्यायचं, पावसाचं चिन्ह कुठल्या डोंगरावर बघायचं, सगळं त्यांना ठाऊक. मी खिशात लाखभर पेसो घेऊन भांबावलेली, आणि सहा वर्षांचा गृहस्थ नोटांचे रंग बघून हिशेब करणारा. पालोकेमाओच्या मंडईत तर त्यांनी माझी शाळाच घेतली. ग्रानादियाचं कडक नारिंगी कवच अंगठ्यानं फोडायचं आणि आतला बियांचा गर सुर्रकन ओढायचा. लुलोचा रस करायचा, नुसता खायला आंबट. ग्वानाबाना म्हणजे आपल्या रामफळ-सीताफळाच्या घराण्यातलं, हे मी दुकानदाराला सांगायला गेले तर मुलीनं मला गप्प केलं: आधी भाव विचार!

आणि वरण-भात! मला वाटलं होतं, मुलं आमचं जेवण तोंडात तरी घेतील का? अहो, इथं घरोघरी मसूर-भातच खातात! लेन्तेहास, शेजारी भात, वर पिकल्या केळ्याचे तळलेले काप. मुलानं मी केलेलं मसुराचं वरण चाखलं, हळदीकडे संशयानं पाहिलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बोगोता समुद्रसपाटीपासून 2,600 मीटरवर आहे, इथं पाणी साधारण 91 अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. घरमालकिणीच्या कपाटात मात्र भलाथोरला प्रेशर कुकर! पहिली शिट्टी झाली तेव्हा मुलं दचकतील म्हणून मी धावले, तर दोघं शांतपणे चित्रं रंगवत बसलेली. कुकरच्या शिट्टीला दचकणारी मुलं कोलंबियात कुठून सापडणार! (गरम चॉकलेटमध्ये चीजचे तुकडे बुडवून चमच्यानं काढून खायची पद्धत मात्र मला अजून झेपलेली नाही. नवरा रोज खातो.)

सकाळी साडेसातला आईचा व्हिडिओ कॉल, तिकडे कोल्हापुरात संध्याकाळचे सहा. मुलीनं कॅमेऱ्यासमोर पानेला धरला. आईनं चष्मा लावून निरखून पाहिला आणि निकाल दिला, “रंग बरा आहे, पण वडी फार लहान.” मराठी नि स्पॅनिश, मध्ये मी दुभाषी, तरी गुळावर दोघींचं चांगलं पाऊण तास चाललं.

रविवार तर विचारूच नका! सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शहरातले सव्वाशेच्या आसपास किलोमीटर रस्ते मोटारींना बंद. सिक्लोविया. 1974 पासून चालू आहे! मुख्य रस्त्यांच्या मधोमध सायकली, स्केट्स, आज्या, कुत्री, संत्र्याच्या रसाच्या गाड्या. मुलानं सायकलचा तोल इथंच पकडला, भर हमरस्त्यात, जिथं आदल्या दिवशी बस गुरगुरत होत्या. मी किंचाळले, नवरा धावला, आजूबाजूच्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या!

मला सगळ्यात हरखवलं ते कागदांनीच. नाव बदलायचं का, हे या वयाच्या मुलाला विचारावं लागतं. 2006 चा बालकायदा सांगतो की तीन वर्षांपुढच्या मुलाचं नाव त्याच्या संमतीनं बदलता येतं, नाहीतर न्यायाधीशांना तसं सबळ कारण दिसावं लागतं. आमच्या दोघांनी सरळ नकार दिला आणि मला फार बरं वाटलं. आडनावं मात्र बदलली, आणि तीही दोन-दोन! आधी वडिलांचं, मग आईचं. नव्या जन्मदाखल्यावर नवऱ्याच्या आडनावाशेजारी माझं माहेरचं आडनाव! लग्नानंतर ते माझ्याच कागदांवरून गेलं होतं, आणि बोगोतातल्या एका कारकुनानं ते माझ्या मुलांच्या नावापुढे टंकून दिलं. मी तो कागद रस्त्यात उभी राहून वाचला, मग पुन्हा वाचला, मग त्याचा फोटो आईला पाठवला.

लोक विचारतात, अडकून पडलात की नाही? माझं स्पष्ट मत आहे: हे आठवडे कुणी कमी करून देतो म्हटलं तरी घेऊ नयेत. न्यू जर्सीत उतरल्यावर सगळं आम्हाला माहीत असणार आणि मुलांना काहीच नाही. शाळा, बस, बर्फ, इंग्रजी, सगळ्यात आम्ही पुढे, ती मागे. इथं उलट आहे. इथं ती सांगतात, आम्ही ऐकतो, आणि या मुलांना आई-बाप मिळताना आधी थोडे दिवस यजमान व्हायला मिळतं. न्यायाधीशांचा निकाल आला, पासपोर्ट झाले, आता व्हिसा तेवढा राहिलाय. दूतावासाला मी घाई करणार नाही.

तुमच्या ओळखीत कुणी मुलं आणायला बोगोताला निघालं असेल, तर त्यांना एवढं कळवा: हॉटेल घेऊ नका, बागेजवळचं स्वयंपाकघरवालं घर भाड्यानं घ्या. हळद आणि गोडा मसाला सोबत ठेवा. कुकर नेऊ नका.