पळण्याचा अभ्यास, थांबण्याचे वैराग्य

इंग्रजीतील ‘ॲमॅच्युअर’ या शब्दासाठी आपण मराठीत ‘हौशी’ हा शब्द योजतो, आणि योजताना त्यात नकळत थोडा उपहासही मिसळतो. हौशी नट म्हणजे ज्यास पाठांतर नाही तो, हौशी गवई म्हणजे ज्याचा ताल चुकला तरी श्रोत्यांनी भिडेखातर मान डोलवावी असा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः त्या शब्दाचे कुळ लॅटिन असून त्याचा मूळ अर्थ ‘प्रेम करणारा’ एवढाच आहे. या अर्थाने आम्ही हौशी पळणारे आहोत. शाळेतून सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही पळू लागलो. मुंबईस जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी भरणाऱ्या शर्यतीत अर्ध्या मॅरेथॉनसाठी, म्हणजे २१ किलोमीटर व वर सुमारे ९८ मीटर एवढ्या अंतरासाठी, यंदा आमचे नाव नोंदलेले आहे. आमचे वय ६६. बक्षीस मिळण्याचा संभव शून्य. परंतु तेवढ्याने प्रेमास बाध येत नाही.

पळण्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा शर्यतीविषयी असते. कोण पहिला आला, किती वेळात आला, याची नोंद राहते. त्याआधीचे आठवडे त्याने कसे काढले, हे कोणी टिपून ठेवीत नाही. बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचेच उदाहरण घ्या. १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानचे मोजके खेळाडू तिकडे पाठविण्यात आले. दोराबजी हे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष. तेथील सामन्यांत अनवाणी धावणाऱ्या खेड्यांतील शेतकऱ्यांचे वेग त्यांनी पाहिले, आणि युरोपातील धावणाऱ्यांच्या तुलनेने ते फारसे उणे नाहीत असे त्यांच्या ध्यानी आले. मॅरेथॉनसाठी चौगुले यांच्यासमवेत सदाशिव दातार हेही गेले होते. त्या वर्षीचे अंतर पुढे रूढ झालेल्या ४२.१९५ किलोमीटरांहून अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटे व ४५ सेकंदांत कापून १९ वा क्रमांक मिळविला. ही झाली नोंद. परंतु मुंबईहून निघालेल्या बोटीवर पळावयास रस्ता कोठून आणावा, परक्या देशातील हवा आणि परके अन्न यांशी आठवडेच्या आठवडे कसे जुळवून घ्यावे, अखेरच्या रात्री झोप आली किंवा नाही, हे सारे त्या एका आकड्याच्या आड दडून गेले आहे. स्वतः पळू लागल्यापासून आमचे कुतूहल त्या आडच्या दिवसांकडेच अधिक धावते.

आमचे पळणे वाशिमच्या अकोला नाक्यापासून पुढच्या रस्त्यावर चालते. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त अशी कथा रचली आहे की, सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घरातून निघाला, त्यास बांधून ठेवण्यासाठी गौरीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली, ती दाही दिशांस त्याच्या मागोमाग गेली, आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात उभयतांचा विवाह झाला. अखिल भरतखंड पालथे घालणाऱ्याचे पाय जेथे थांबले, तेथे राहून आम्ही उतारवयात पळावयास आरंभ केला, हा विनोद आमच्या घरी पुष्कळदा होतो. या विनोदात पुढे किती अर्थ निघणार आहे, हे मात्र तेव्हा कोणास ठाऊक नव्हते.

पौषातील पहाटे या रस्त्यावर आम्ही एकटे नसतो. पोलीस भरतीची तयारी करणारी खेड्यापाड्यांतील मुले आणि मुली अंधारातच येऊन पळू लागतात. भरतीच्या शारीरिक परीक्षेत पुरुषांस १६०० व स्त्रियांस ८०० मीटर धावावे लागते, आणि त्यावरील गुणांवर कित्येक घरांचा भविष्यकाळ अवलंबून असतो. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, तेथे शर्यतीकडे वळला, आणि २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदकाचा मानकरी ठरला; त्याचे नाव या मुलांच्या तोंडी असते. ती पोटासाठी पळतात, आम्ही हौसेसाठी. मात्र आम्हांस एक गोष्ट उपलब्ध आहे जी त्यांस नाही. आमच्या शर्यतीची तारीख कित्येक महिने आधी ठाऊक असते. भरतीची तारीख त्यांच्या हाती नसते. म्हणून ती मुले वर्षभर एकाच नेटाने पळत राहतात. केव्हा कमी करावे हे ठरविण्याची चैन त्यांस परवडत नाही.

आता ‘कमी करणे’ म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत आम्ही हळूहळू अंतर वाढवीत नेले. आठवड्यातून चार दिवस पळावयाचे, तीन दिवस विश्रांती. रविवारी लांबचा पल्ला, तोही अशा सावकाश गतीने की बरोबरच्या माणसाशी धाप न लागता बोलता यावे. सोयाबीनची कापणी चालू असताना आम्ही रविवारी १० किलोमीटर पळत होतो. तुरीला शेंगा धरल्या तेव्हा १८ पर्यंत पोहोचलो. त्या सर्वांत भारी आठवड्याची बेरीज ४२ किलोमीटर झाली. त्यानंतर शर्यतीस तीन आठवडे उरले, आणि आमच्या वहीतील आकडे उतरू लागले : पहिल्या आठवड्यात ३२, दुसऱ्यात २२, आणि शर्यतीच्या आठवड्यात दोन दिवस चार-चार किलोमीटर, बस्स.

यामागचे शास्त्र असे. कठोर सरावाने शरीर बळकट होत नाही, थकते. बळकट होते ते त्यानंतरच्या विश्रांतीत. आज लांब पल्ला मारला तर त्याचा लाभ साधारणतः दहा-बारा दिवसांच्या आत पदरात पडत नाही, शीण मात्र लगेच पडतो. तेव्हा शेवटच्या पंधरवड्यात केलेला अतिरेक शर्यतीस उपयोगी न पडता केवळ ओझे म्हणून बरोबर येतो. यास्तव अंतर निम्म्याच्या आसपास आणावे, पण पळणे सर्वस्वी सोडू नये. अधूनमधून शर्यतीच्या वेगाने थोडे पळावे, जेणेकरून पायांस त्या चालीचा विसर पडणार नाही. या दिवसांत स्नायूंतील साखरेचा साठा भरून येतो, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही शरीरात राहते. त्यामुळे वजन किंचित वाढते. ते पाहून घाबरू नये, आणि उपास तर मुळीच करू नये.

चेकोस्लोव्हाकियाचा प्रख्यात धावपटू एमिल झाटोपेक याची हकीगत या संदर्भात सांगितली जाते. याच्याइतका अमानुष सराव करणारा त्या काळी दुसरा नव्हता. १९५० साली ब्रुसेल्स येथील युरोपीय स्पर्धांपूर्वी अन्नातून विषबाधा होऊन तो सुमारे दोन आठवडे इस्पितळात पडला. बाहेर आला तो शर्यत अगदी तोंडावर आल्यावर. आणि त्याने दहा हजार मीटरची शर्यत दुसऱ्या क्रमांकाच्या गड्यास एका मिनिटाहून अधिक मागे टाकून जिंकली, पाच हजारांचीही जिंकली. जी विश्रांती तो स्वतःहून कधी घेता ना, ती दुखण्याने त्याच्याकडून घेवविली.

पतंजलींनी चित्तवृत्तींच्या निरोधासाठी अभ्यास आणि वैराग्य अशी दोन साधने जोडीने सांगितली आहेत. विद्यार्थिदशेत हे आम्ही तोंडपाठ केले होते, आणि पुढे मुलांकडून पाठ करवूनही घेतले. परंतु दुसऱ्या साधनाचा पहिल्याशी काय संबंध, हे या तीन आठवड्यांत पायांनी समजावून दिले. पळण्याची सवय जडलेल्या मनुष्यास पहाटे पाच वाजता अंथरुणात पडून राहावयास सांगणे, हे आळशास उठवण्याहून अवघड आहे. पाय वळवळतात. आपण केलेले सारे वाहून चालले आहे, असे भय वाटते. रस्त्यावरचा एखादा भरतीचा मुलगा विचारतो, “गुरुजी, आज लय कमी पळाले जी तुम्ही?” आणि त्यास उत्तर देता देता आपणच डळमळू लागतो.

आमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. शर्यतीस सोळा दिवस असताना डाव्या नडगीत दुखू लागले. नडगी सर्वत्र थोडी थोडी ठसठसत असेल तर ते स्नायूंचे दुखणे असण्याचा संभव अधिक. पण हाडावर एकाच बिंदूशी बोट दाबल्यावर कळ उठत असेल, तर हाडास बारीक चीर पडली असण्याची शंका घ्यावी लागते, आणि तशा पायाने पळणे म्हणजे चिरेची भेग करणे होय. डॉक्टरांनी तपासून पहिल्या प्रकारचेच दुखणे असल्याचे सांगितले, आठ दिवस पळणे बंद करावयास लावले, आणि त्यानंतर दुखले नाही तर जावे, दुखले तर जाऊ नये, असा निर्णय दिला. चार महिन्यांच्या अभ्यासाचे फळ एका ‘जर’वर टांगले गेले. त्या आठ दिवसांत आम्ही मनाशी मुंबईची शर्यत शंभरदा सोडली आणि शंभरदा पुन्हा धरली.

येथे आमच्या वहिनींविषयी लिहिणे प्राप्त आहे. आमचे थोरले बंधू वयाच्या ५९ व्या वर्षी पहाटेचे फिरून आले, ओसरीवर बसले, आणि बसल्या ठिकाणीच हृदयविकाराने गेले. त्यास आता बारा वर्षे होतील. आम्ही पळू लागलो तेव्हा अकोल्यास जाऊन हृदयाची चाचणी करून घेतली, ती निर्दोष आली. वहिनींनी अहवाल वाचवून घेतला आणि काही बोलल्या नाहीत. मात्र आम्ही ज्या ज्या पहाटे बाहेर पडलो, त्या त्या पहाटे त्या ओसरीवर जपमाळ घेऊन बसलेल्या असत, आणि परत येऊन आम्ही फाटक लावले की उठून आत चहाचे आधण ठेवीत.

पळणे कमी झाल्यावर त्यांस निश्चिंतता वाटेल, अशी आमची कल्पना होती. घडले उलटेच. चार दिवस आम्ही घरी राहिलेले पाहून त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, काय होतंय ते खरं सांगा. छातीत दुखतं का?” कमी पळणे म्हणजे दडविलेले दुखणे, असा त्यांचा ग्रह झाला होता. आम्ही वही आणून त्यांस ४२, ३२, २२ हे आकडे दाखविले, स्नायू आणि साखर यांविषयीचे विवेचन केले. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती, आणि त्या गुळपोळीची कणीक भिजवीत होत्या. सर्व ऐकून घेऊन त्यांनी कणकेच्या गोळ्यावर ओले फडके टाकले. “ही आता तासभर झाकून ठेवायची. तिंबल्या तिंबल्या लाटायला घेतली तर पोळी फाटते नि गूळ बाहेर येतो. एवढं कळायला तुम्हांला पुस्तकं वाचावी लागली होय?” आमच्या सौ. हसल्या, सूनबाई हसल्या, आणि आम्हांसही हसण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मग वहिनी गंभीर झाल्या. “एक मागते. वाटेत छातीत, हातात, जबड्यात काही वाटलं, घेरी आली, पाय दुखला, तर थांबाल ना? पुरी केलीत की नाही, हे या घरात तुम्हांला कुणी विचारणार नाही.” आम्ही तसे वचन दिले. सहज दिले असे मात्र नव्हे. इतके दिवस जपलेली गोष्ट शेवटच्या किलोमीटरातसुद्धा सोडून देण्याची तयारी मनाने आधीच करून ठेवणे, हा या तीन आठवड्यांचा सर्वांत कठीण पाठ होता, आणि तो आम्हांस स्वयंपाकघरात मिळाला.

काल नडगी पुन्हा दाबून पाहिली, दुखत नाही. सकाळी चार किलोमीटर पळून आलो, तेव्हाही दुखली नाही. परवा रात्री अकोल्याहून गाडी आहे. पिशवीत जुनेच बूट घेतले आहेत, कारण नवे बूट शर्यतीच्या दिवशी प्रथम घालू नयेत. शर्यतीपूर्वी खावयास गुळपोळ्या बांधल्या आहेत, कारण त्यांची पोटास सवय आहे. माहीमहून निघून सागरी सेतूवर येऊ तेव्हा अंधारच असेल. वाशिमास त्या वेळी ओसरीवर कोण बसलेले असेल, ते आम्हांस ठाऊक आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर आम्ही २१ किलोमीटर पुरे केलेले असतील, किंवा दिलेल्या वचनाप्रमाणे मध्येच कोठे थांबलेलो असू. आणि यांपैकी काहीही झाले तरी चैत्रात पहाट लवकर होऊ लागली की अकोला नाक्यावर पुन्हा हजर राहण्याचा आमचा मानस आहे.