आमची गल्ली संवेदनशील आहे

आठवीच्या वर्गात विशेषणांचा सराव चालू होता. उर्दू माध्यमाची मुलं, मराठी त्यांची दुसरी भाषा. फळ्यावर दहा विशेषणं लिहून दिली आणि प्रत्येकाचं एक वाक्य करून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वह्या तपासताना एका वहीपाशी थांबलो. ‘संवेदनशील’ या शब्दापुढे मुलाने लिहिलं होतं : आमची गल्ली संवेदनशील आहे.

व्याकरणाची चूक नाही. ऱ्हस्व-दीर्घही बरोबर, जे आमच्या वर्गात क्वचितच घडतं. बाकीच्यांनी गाइडमधून ‘कवी संवेदनशील असतो’ असं उतरवून आणलं होतं. स्वतःचं वाक्य या एकट्यानेच केलं होतं. त्याला जवळ बोलावून विचारलं, संवेदनशील म्हणजे काय रे? तो म्हणाला, “सर, जिधर पुलिस की गाडी खडी रहती ना, वो संवेदनशील.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. गल्लीत पिठाची गिरणी आहे, मशीद आहे, तशी गल्ली संवेदनशील आहे. मी लाल पेनाने बरोबरची खूण केली. पुढे शेरा काय लिहावा ते सुचेना, म्हणून वही तशीच परत दिली.

तेव्हापासून हा शब्द कुठे दिसला की कान टवकारतात. मराठीत तो इंग्रजी ‘सेन्सिटिव्ह’चा हात धरून फिरतो. मेडिकलमध्ये सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट मिळते, सेन्सिटिव्ह त्वचेचा साबण मिळतो. पालकसभेत आई सांगते, “सर, हा फार सेन्सिटिव्ह आहे, सगळ्यांसमोर रागवू नका.” लाजाळूच्या झाडाला इंग्रजीत ‘सेन्सिटिव्ह प्लँट’ म्हणतात, उर्दूत छुईमुई. आपल्याच जिल्ह्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचा डोंगरपट्टा आहे. माधव गाडगीळ समितीने २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला, तेव्हापासून ‘इको-सेन्सिटिव्ह’ हा शब्द अकोल्याच्या शेतकऱ्यांच्याही तोंडी गेला. त्यांचं त्या शब्दाशी भांडण असेल, पण अर्थाबद्दल वाद नाही : हे नाजूक आहे, याला धक्का लावू नका. दात, त्वचा, मूल, झाड, डोंगर, सगळीकडे दुखणार आहे ते त्या वस्तूला, आणि जपून वागायचं ते इतरांनी.

मूळ अर्थही तोच. इंग्रजी शब्दामागे लॅटिन ‘सेन्टिरे’ म्हणजे जाणवणे. मराठीत ‘संवेदना’, त्यात वेदना बसलेलीच आहे. उर्दूत ‘हस्सास’. एहसास आणि महसूस ही त्याचीच भावंडं. तीन भाषांचे तीन शब्द, आणि तिन्ही सांगतात की ज्याला लागतं तो.

आता परीक्षा बोर्डाकडे या. तिथे संवेदनशील केंद्र म्हणजे जिथे कॉपी चालते ते. मी अशा केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून उभा राहिलो आहे. तिथे लागण्यासारखं काही नव्हतं, फक्त खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्या होत्या. आणि ‘संवेदनशील भागात कडक बंदोबस्त’ ही बातमी तर सणावाराला पंचांगासारखी येते. इथे अर्थ एकदम उलटा फिरतो. दुखणारं कुणी दुसरंच, आणि जपून राहायचं ते या भागापासून. उर्दूही यात मागे नाही. ‘हस्सास इलाक़े’ उर्दू वर्तमानपत्रांतही असतात, आणि पाकिस्तानी पत्रकार गुप्तचर यंत्रणेचं नाव घ्यायचं नसलं की ‘हस्सास इदारे’ लिहितात!

निवडणुकीत हा गोंधळ सगळ्यात जास्त. निवडणूक आयोगाच्या इंग्रजी सूचनांत दोन वेगळे शब्द आहेत. ‘व्हल्नरेबल’ म्हणजे जिथल्या मतदारांना कुणी धमकावू शकतं, मतदानापासून रोखू शकतं. ‘क्रिटिकल’ म्हणजे जिथे पूर्वी गडबड झाली, किंवा ९० टक्क्यांहून जास्त मतदान होऊन त्यातली ७५ टक्क्यांहून जास्त मतं एकालाच पडली, असं केंद्र. मराठी बातमीत दोघांचंही ‘संवेदनशील’ होऊन जातं. ज्याला दम दिला जातो तो आणि जो दम देतो तो एकाच यादीत. वाचणाऱ्याने ठरवायचं कोण कोण ते, आणि वाचणारा वस्तीचं नाव बघून ठरवतो.

पोलिसांनी यादीच करू नये, असं मी म्हणणार नाही. मिरवणुकीच्या रात्री कोपऱ्यावर गाडी उभी असली की माझी आई निवांत झोपते. आमचे पुढारीही या शब्दाचा फायदा घेतात. शांतता समितीच्या बैठकीत ‘आमचा भाग संवेदनशील आहे’ म्हटलं की रस्त्यावरचे दिवे लवकर दुरुस्त होतात. पण शब्द तेवढ्यावर थांबत नाही. एका सहकाऱ्यासाठी भाड्याचं घर बघत होतो, तेव्हा दलालाने आवाज खाली आणून सांगितलं, “घर चांगलंय सर, पण एरिया जरा सेन्सिटिव्ह आहे.” मी त्याच एरियात राहतो हे त्याला माहीत नव्हतं. सहकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, पाणी रोज येतं का विचारा.

या गावाने खरा हस्सास माणूसही पाहिला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद नेहरू-पटेलांसह नगरच्या किल्ल्यात कैदी म्हणून आले. सरकारच्या लेखी धोकादायक माणूस, आणि हा कोठडीत बसून मित्राला न पाठवता येणारी पत्रं लिहीत होता, चहाबद्दल, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांबद्दल. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्या आजारी असताना आझादांनी सरकारकडे सवलत मागितली नाही. ती पत्रं पुढे ‘ग़ुबार-ए-ख़ातिर’ म्हणून छापली गेली. किल्ला आमच्या शाळेपासून लांब नाही. दरवर्षी मी मुलांना सांगतो की हे पुस्तक इथे लिहिलं गेलं, आणि दरवर्षी निम्म्यांचा विश्वास बसत नाही.

गेल्या विसर्जनाला आमच्या कोपऱ्यावर पाथर्डीकडचा एक तरुण शिपाई होता. सकाळपासून उभा. मी घरातून खुर्ची नेऊन दिली. आईने बर्फ घालून सरबत पाठवलं. त्याने ग्लास हातात घेतला आणि ओशाळून परत केला. “नको मावशी, गैरसमज करू नका, दाढ सेन्सिटिव्ह झालीय. थंड लागलं की डोक्यात कळ जाते.”

आईला मराठी बेताचंच कळतं. “क्या बोल्या वो?” तिने मला विचारलं. मी सांगितलं, त्याची दाढ दुखतेय. ती सरबत घेऊन आत गेली आणि जरा वेळाने कोमट पाणी आणि दोन लवंगा घेऊन आली.