करवंटीतल्या कण्या

आचरे, ता. मालवण
डिसेंबर

चि. मीनू,


तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. पाइनच्या फळाला शेंगदाण्याचं लोणी फासायचं, वर दाणे चिकटवायचे आणि बर्फातल्या झाडाला टांगायचं. नाताळच्या सुट्टीत पोरांकडून हेच करून घ्यायचं म्हणतेस. करू या, पण लोणी पुण्यातच ठेव. इथे डिसेंबरातही दुपारी पारा तिशीच्या वर जातो. ते वितळून पिसांना चिकटेल, आणि त्याआधी डोंगळे येतील.

बर्फाच्या मुलखात थंडी म्हणजे पाखरांचा दुष्काळ. किडे नाहीसे होतात, दिवस आखूड, आणि रात्र काढायला अंगात चरबी हवी. आपल्याकडे उलटं. नुकती कापणी-झोडणी झालीय, जिकडेतिकडे दाणे सांडलेत. शेजारच्या काकीला तुझा बेत सांगितला तर म्हणाली, "पाखरांका कित्याक घालतंस गो? कुणग्यात कमी आसा काय?" काकीचं खरं आहे. हा खटाटोप पोरांसाठी. पाखरू जवळ यावं, नीट दिसावं, एवढ्यासाठी. पोरांनाही तसंच सांग, उगाच उपकाराची भाषा नको. शिवाय नव्याच्या पौर्णिमेला दाराला बांधलेल्या लोंब्या चिमण्यांनी केव्हाच सोलून खाल्ल्या. त्यासाठी कुणी व्हिडिओ पाहिला नव्हता.

आपण करवंटी घेऊ. डोळ्यांकडची अर्धी घ्यायची, कारण तीन डोळ्यांतला एक मऊ असतो. तो फोडला की दवाचं पाणी आपोआप निथळतं. कडेला तीन भोकं, त्यांत सुंभ ओवायचा. भोकं तू पाडायचीस, सुंभ वळायला पोरं. पडवीच्या वाशाला मुळीच बांधायचं नाही, तिथे मांजर टपलेलंच असतं. चिकूच्या बाहेरच्या फांदीला, मोठ्या माणसाच्या डोक्यावर, बरं.

आत तांदळाच्या कण्या किंवा नाचणी, सकाळी मूठभर. मिठाचा भात, शेव, पाव काही नको. संध्याकाळी उरलेलं काढून करवंटी धुवायची. हे पोरांना कंटाळवाणं वाटेल, पण त्यात सूट नाही. ओल्या दाण्याला बुरशी येते, सांडलेल्या दाण्याला उंदीर येतात आणि उंदरांमागून कोण येतं हे तुला माहेरी राहून ठाऊक आहे.

चिमण्या येतील, होले येतील, साळुंक्या दादागिरी करतील. बुलबुलासाठी पिकल्या पपईची फोड ठेवू. शिंजीर मात्र करवंटीकडे ढुंकून बघणार नाही. त्याला जास्वंद हवी. वेडा राघू तर उडते किडेच टिपतो. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते, म्हणून कुंपणाची झुडपं मी यंदा तोडू दिली नाहीत. गडी नाराज आहे.

थोरल्याला वही घेऊन बसव. आपल्याकडचा पक्षी सप्ताह, म्हणजे चितमपल्लींच्या 5 नोव्हेंबरच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या 12 तारखेपर्यंतचा, होऊन गेला. पण फेब्रुवारीत जगभर अंगणातले पक्षी मोजतात, निदान 15 मिनिटं एका जागी बसून. ब्रिटनमध्ये अशी जानेवारीतली मोजणी 1979 साली मुलांसाठीच सुरू झाली आणि पुढे मोठेही तिच्यात शिरले. सरावाला आपली पडवी पुरे.

मालवणच्या किल्ल्यावर जाताना होडीतून कुरवांना काही टाकू देऊ नकोस. ती पाखरं लांबून उडत येतात ती आपल्या किनाऱ्यावर चरायला, फरसाण खायला नव्हे.

येताना गिरमिट आण, घरातलं गंजलंय. आणि करवंट्या मी जपून ठेवतेय, पण काकी त्या चुलीत घालायला टपलेली आहे, तेव्हा उशीर करू नकोस.

तुझी,
आत्या