अंधाऱ्या खोलीचा किराणा

हैदराबादला येणारा प्रवासी अंबरपेठ पाहण्यासाठी मुद्दाम येत नाही. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय यांच्या मालिकेत बसेल असे येथे काही नाही. काचीगुडा स्थानकाच्या पूर्वेस, मुसीच्या उत्तर तीरावर वसलेली ही दाट वस्ती आहे. पोलिसांचे विस्तीर्ण आवार, उड्डाणपुलाखालची वर्दळ, मशिदीशेजारी देऊळ आणि कोपऱ्याकोपऱ्यावर चहाची दुकाने, एवढेच येथील दर्शनी वैभव. परंतु या अंबरपेठेतून निघून बेगम बाजारापर्यंतचा एक प्रवास मी काही वर्षे वरचेवर करीत आलो आहे. तो देवदर्शनाचा नाही, लग्नाच्या बस्त्याचाही नाही. छायाचित्रे धुण्यासाठी लागणारी रसायने स्वस्तात कोठे मिळतील, याच्या शोधाचा तो प्रवास आहे.

आमच्या सरकारी शाळेतील अडगळीच्या एका खोलीची खिडकी काळ्या कागदाने बंद करून तेथे आम्ही तांबडा दिवा लावला. दर शनिवारी दहा-बारा मुले तेथे जमतात. रिक्षा चालविणाऱ्यांची, शिंप्यांची, भाजी विकणाऱ्यांची ही मुले. मोबाईलवर दिवसाला शंभर छायाचित्रे घेणे त्यांना नवे नाही. पण कोऱ्या कागदावर, पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रवात, आपल्याच आजीचा चेहरा हळूहळू उमटताना पाहून त्यांचा श्वास रोखला जातो. अशा मुलांकडून वर्गणी मागणे प्रशस्त वाटत नाही, आणि शासकीय निधीत या हौसेसाठी वेगळा रकाना नसतो. फिल्म आणि कागद परदेशी, त्यांच्या किमतीला आपला इलाज नाही. काटकसर करावयाची ती रसायनांतच. ती साधली तर वर्ग चालावयाचा, नाही तर खोलीला पुन्हा कुलूप लागावयाचे.

या शहराला ही कला परकी नाही. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या पदरी असलेले लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी हैदराबादचे दरबार, शिकारी आणि वाडे काचेच्या पट्ट्यांवर टिपून ठेवले, आणि निजामाने त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. आपल्या मराठी घरांनाही या खटाटोपाचे नवल वाटू नये. दादासाहेब फाळके १९१३ साली पडद्यावर आलेला ‘राजा हरिश्चंद्र’ तयार करीत असताना सरस्वतीबाई फाळके घरीच फिल्मला छिद्रे पाडीत आणि ती धुण्याची रसायने कालवीत. आपला पहिला चित्रपट अशा रीतीने संसाराच्या पसाऱ्यातच धुतला गेला.

पुढे स्टुडिओ गल्लोगल्ली झाले. उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याने १९६७ पासून ‘इंदु’ या नावाने देशी माल पुरविला. आता तो कारखाना बंद आहे, स्टुडिओंत संगणक आले आहेत, आणि तयार डेव्हलपरची परदेशी पुडी मागविली तर वाहतूक व जकात मिळून तिची किंमत शाळेच्या आवाक्याबाहेर जाते.

मात्र त्या पुडीत असते काय, हे पाहिले की भीती ओसरते. सुमारे शंभर वर्षांपूर्वी कोडॅकने सिद्ध केलेला ‘डी-७६’ हा डेव्हलपर आजही जगभर वापरला जातो, आणि त्याची कृती कोणापासून लपविलेली नाही. एक लिटर द्रावणास मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. एकूण १०९ ग्रॅमांपैकी खास म्हणावे असे पदार्थ दोनच, आणि ते मिळून ७ ग्रॅम. उरलेले १०२ ग्रॅम दुसऱ्याच कोणत्या तरी धंद्याचा नित्याचा माल आहे. ‘फोटोची रसायने द्या’ असे म्हणत फिरलो तर दुकानदार मान हलवितो. तीच वस्तू तिच्या बाजारातल्या नावाने मागितली तर तो पोत्याकडे बोट दाखवितो. या शोधाचे सारे मर्म मला यात सापडले.

अंबरपेठेहून बस काचीगुड्यावरून कोठीला येते. जुन्या रेसिडेन्सीची कमान मागे टाकून सुलतान बाजारात शिरले की इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयाची वाट आपल्यापैकी पुष्कळांच्या पायांना आपोआप सापडते. त्या मोहात न पडता पुढे बेगम बाजार गाठावा. येथील किराण्याच्या घाऊक दुकानांत निम्मे काम होते. तुरटीला येथे उर्दूत फिटकरी आणि तेलुगूत पटिका म्हणतात. धुण्याचा सोडा म्हणजे चाकलि सोडा. लिंबाचे सत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, ‘निम्म उप्पु’ या नावाने मिळते. कागदावरील डेव्हलपरची क्रिया थांबविण्यास लिटरभर पाण्यात त्याचे १५ ग्रॅम पुरतात. तीव्र आम्लांच्या किरकोळ विक्रीवर २०१३ पासून निर्बंध आले आहेत, आणि ते योग्यच आहेत. मुलांच्या वर्गात ॲसेटिक आम्लाची बाटली हवीच कशाला? टाकणखार ही सोनारांची वस्तू. तो किराणा दुकानात सुहागा किंवा वेलिगारम् म्हणून मिळतोच. नयापूल ओलांडून चारकमानीच्या बाजूला गेल्यास डाग देणाऱ्या कारागिरांना तो पुरविणारे दुकानदारही भेटतात.

हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, हा अंधाऱ्या खोलीचा आधारस्तंभ. चांदीचे न उजळलेले क्षार त्यात विरघळतात, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ साली दाखविले आणि वीस वर्षांनी त्याच गुणामुळे छायाचित्र कायम टिकू लागले. लिटरला २५० ग्रॅम हे त्याचे प्रमाण, म्हणून तो किलोंनी लागतो. एका वयस्क दुकानदारांना मी तो मागितला तेव्हा ते म्हणाले, “साब, फोटो का हायपो अब कौन पूछता?” मग क्षणभर थांबून, “मछलियों के पानी में डालते ना, वोइच होना क्या?” तोच हवा होता. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविण्यासाठी मासे पाळणारे जो हायपो वापरतात, त्याचे टपोरे स्वच्छ स्फटिक आमच्या कामास उत्तम. प्रयोगशाळेच्या प्रतीची सीलबंद बाटली घेण्याचे येथे कारण नाही. एक सूचना मात्र करून ठेवतो. हायपो विरघळताना पाणी फार थंड होते, म्हणून आरंभीच ते कोमट घ्यावे.

सोडियम सल्फाइट हा सर्वांत अधिक लागणारा आणि सर्वांत अधिक फसविणारा पदार्थ. कारखान्यांच्या बाष्पकांत पाण्यातील प्राणवायू शोषून घेण्यासाठी तो वापरतात. उप्पल-नाचारमच्या कारखान्यांना माल पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांकडे त्याची मोठी पोती असतात. दोन-तीन शाळांनी किंवा हौशी मित्रांनी मिळून पोते घेतल्यास दर एकदम उतरतो. परंतु सल्फाइट, सल्फेट आणि सल्फाइड ही तीन भिन्न द्रव्ये आहेत. माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकाने आयुष्यभर ऱ्हस्वदीर्घाचे गुण कापले. येथे एका अक्षराच्या फरकाने सारी फिल्म कापली जाते. शिवाय हवा लागून जुन्या सल्फाइटचे हळूहळू सल्फेट होत जाते. पोत्यावरचे नाव तेच, आतला माल निरुपयोगी.

यावर स्वयंपाकघरातील एक परीक्षा आहे. चमचाभर भुकटीवर थोडे व्हिनेगर घालावे. फसफसून बुडबुडे आले आणि वास नसला, तर तो सोडा. जळत्या काडीपेटीसारखा झोंबणारा वास आला, तर सल्फाइट. द्रावण थोड्या वेळाने दुधासारखे गढूळ झाले, तर हायपो. काहीच घडले नाही, तर सल्फेट समजून परत करावे. कुजक्या अंड्याचा वास आला, तर मात्र ते सल्फाइड. त्यापासून दूर व्हावे आणि ते शाळेत आणूच नये. वास घेताना नाक भांड्यावर नेऊ नये, हाताने वारा आपल्याकडे घ्यावा. दम्याच्या मुलांना या प्रयोगापासून लांब बसवावे.

धुण्याच्या सोड्याचीही एक खोच आहे. स्फटिकरूप सोड्यात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते. कृतीत निर्जल सोडा १ ग्रॅम सांगितला असेल तर स्फटिकांचे २.७ ग्रॅम घ्यावे लागतात. उघड्यावर राहून स्फटिकांवर पांढरी भुकटी धरली असेल तर हा हिशेबही चुकतो. म्हणून शक्यतो निर्जल सोडाच मागावा.

राहिली ती मेटॉल व हायड्रोक्विनोन ही जोडी. ही दोन मात्र शाळा-महाविद्यालयांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांकडूनच, सीलबंद आणि शंभर ग्रॅमांच्या बाटलीत घ्यावीत. २ ग्रॅमच्या हिशेबाने १०० ग्रॅम मेटॉलमध्ये ५० लिटर डेव्हलपर होतो, तेव्हा येथे घासाघीस करण्यात अर्थ नाही. शाळेच्या शिक्क्याचे पत्र नेले तर व्यापारीही नि:शंक मनाने देतो. मेटॉलने काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून हातमोजे आवश्यक.

लहान मुलांसाठी आम्ही ही जोडीही टाळतो. अमेरिकेतील रोचेस्टर येथे १९९५ साली एका प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसह कॉफीपासून डेव्हलपर बनविला. त्याची पुढे रूढ झालेली एक कृती अशी: लिटरभर पाण्यात निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची भुकटी १६ ग्रॅम आणि झटपट कॉफीची भुकटी ४० ग्रॅम. कॉफी जितकी हलक्या प्रतीची तितकी चालते. वास असा येतो की कोणी चुकूनही ती पिणार नाही. चहाबाज हैदराबादेत कॉफीचा हा उपयोग पाहून आमच्या शिपायांनी कपाळाला हात लावला, पण फिल्मवर चित्र आले.

हैदराबादचे पाणी व ऊन यांचाही विचार हवा. कूपनलिकेच्या जड पाण्यात सल्फाइट घातल्यास पांढरा साका बसतो. नळाचे पाणी उकळून, निववून घेणे बरे. फिल्म धुण्याचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस, आणि आमच्या वैशाखात पारा चाळिशी गाठतो. ऊन पाण्यात फिल्मवरचा जिलेटीनचा थर मऊ पडून सुटू लागतो. माठातले पाणी, पहाटेची वेळ आणि थोडी कमी केलेली मिनिटे एवढ्यावर आम्ही निभावतो. स्थिरीकरणाच्या द्रावणातील तुरटी थर घट्ट करण्यास मदत करते.

खरेदीचा हिशेब बेगम बाजारात संपतो. पदार्थांचा हिशेब मात्र परत अंबरपेठेत येऊन संपतो. वापरलेल्या हायपोत फिल्मवरची चांदी उतरलेली असते. ते मोरीत ओतले की गटारातून मुसीकडे निघते. वाटेत अंबरपेठेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. दररोज ३३९ दशलक्ष लिटर सांडपाण्यासाठी ते बांधले गेले, आणि तेथे शुद्धीचे काम सूक्ष्मजंतूच करतात. चांदीचे क्षार त्या जंतूंना आणि पुढे माशांना मानवणारे नाहीत. आमच्या डब्यातले चार लिटर त्या लोंढ्यात काहीच नव्हेत, हे खरे. पण मुलांना काय शिकवावयाचे, हा प्रश्न लिटरांचा नाही.

म्हणून आम्ही वापरलेले हायपो झाकणाच्या डब्यात साठवितो व त्यात लोखंडी तारेचा चोथा टाकून ठेवतो. भांडी घासण्याची स्टीलची घासणी येथे चालत नाही, साधे लोखंडच हवे. लोखंड विरघळते आणि चांदी काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. एकेकाळी स्टुडिओंतून आणि क्ष-किरण विभागांतून असे हायपो विकत नेणारे लोक असत. आमचा गाळ वर्षाकाठी वाटीभरही होत नाही. तो बरणीत, नाव व तारीख लिहून, कपाटात ठेवलेला आहे. पुरेसा झाला की चांदी गाळणाऱ्याकडे न्यावयाचा असे मुलांनी ठरविले आहे, आणि येणाऱ्या पैशांचा कागद घ्यावयाचा हेही त्यांनीच ठरविले आहे.

इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, बेळगाव, जेथे आपले वाचक राहतात, तेथे प्रत्येक ठिकाणी एक बेगम बाजार असणारच. कोणाच्या घरी आजोबांचा एनलार्जर माळ्यावर पडून असेल तर तो खाली काढावा, वरील यादी स्थानिक भाषेतील नावांसह कागदावर उतरवावी, आणि एक व्हिनेगरची बाटली पिशवीत टाकून घराबाहेर पडावे.