समुद्राची सुटी

बेळगावला समुद्र नाही. परंतु बेळगावकराच्या ताटात तो असतो. आमच्या गावाच्या नीट पश्चिमेस वेंगुर्ले, किंचित वर मालवण, खाली गोवे आणि त्याहून खाली कारवार. बाजारात आलेली मासळी कोणत्या राज्यातली, हे येथे कोणी विचारीत नाही. ताजी आहे की बर्फातली, एवढेच विचारतात. जून उजाडला की टोपल्या रोडावतात, भाव चढतात आणि घरोघरी सुक्या बांगड्यांचे नि सोड्यांचे डबे उघडतात. कर्नाटकातील आमच्या शाळाही त्याच सुमारास उघडतात. मास्तरांची सुटी संपते तेव्हा समुद्राची सुरू होते, हा योगायोग आम्ही तीस वर्षे पाहत आलो होतो. त्याचा अर्थ मात्र अलीकडे कळला. ती हकीकत वाचकांस सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या शाळेतील एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना लहानथोर सारे अण्णा म्हणतात, जुलैअखेर निवृत्त व्हायचे होते. अण्णा मूळचे वेंगुर्ल्याकडचे. वडिलांची एक लहान होडी होती. शिक्षक होऊन अण्णा घाटावर आले, ते येथलेच झाले. मधल्या सुटीत कधी रंगात आले, की खडकाळ पाण्यात गळाला लागणाऱ्या तांबोशीचे वर्णन करीत. तांबोशी म्हणजे तांबूस अंगाचा, जाड खवल्यांचा, दणकट जबड्याचा मासा. गोव्याकडे त्यालाच तांबसो म्हणतात. शाल-श्रीफळ काय, निवृत्त होणाऱ्या सर्वांनाच मिळते. अण्णांना मात्र एक दिवस त्यांच्या समुद्रावर न्यावे, असे आम्ही ठरविले. पाच शिक्षक, बँकेतील एक स्नेही आणि निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी, असे अण्णांसह सात जण. ते सेवेत असतानाच हे घडावे या हौसेने जुलैचा शेवटचा रविवार मुक्रर झाला.

परिपत्रके वाचणे हा आमचा रोजचा उद्योग. आणि नेमके वाचायला हवे होते तेच आम्ही वाचले नाही. किनाऱ्यावरील एका इसमाशी दूरध्वनीवर बोलणे केले आणि आगाऊ रक्कमही धाडून दिली. नियम पाहिला तो त्यानंतर. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, दोन्ही दिवस धरून ६१ दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. वल्ह्याच्या व शिडाच्या पारंपरिक होड्यांना तेवढी मोकळीक. हा काळ पूर्वी ४७ दिवसांचा होता. २०१५ साली केंद्र शासनाने तो वाढविला. त्याआधी महाराष्ट्रात १० जूनपासून नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट, यांपैकी जे आधी येईल तोवर बंदी असे. पूर्व किनाऱ्यावर हाच काळ १५ एप्रिल ते १४ जून असा आहे, तर केरळात तो ५२ दिवसांचा आहे.

शिनोळीची वेस ओलांडली की पाटीची भाषा बदलते, एस.टी.चा रंग बदलतो, शाळांच्या सुट्या बदलतात. सीमाभागातील माणसाला याची इतकी सवय, की आमचा पहिला विचार हाच झाला : महाराष्ट्रात बंद असेल तर गोव्यात उघडे असेल, तेथे नसेल तर कारवारास जाऊ. चौकशी केली, तर तिन्हीकडे तारीख एकच निघाली. माणसांसाठी तीन राज्ये झाली, पण माशांना सीमा ठाऊक नाही. निदान या एका बाबतीत तिन्ही शासनांनी माशांचे ऐकले होते.

तिकडून निरोप आला : नौका लहान आहे, यंत्र आहे, पहाटे अंधारात निघू, कोण विचारतो? निपाणीकर म्हणाले, "दंड झालाच तर मी भरतो." २०२१ साली कायद्यात सुधारणा होऊन दंडाची रक्कम पुष्कळ वाढली आहे, हे त्यांना सांगूनही ते हटेनात. आणि आम्ही? पाच मिनिटे उशिरा येणाऱ्या मुलास फाटकाशी उभे करणारे आम्ही "पाहू" एवढेच म्हणालो. हे "पाहू" म्हणजे होकार, हे सर्वांनी ओळखले. आज ते लिहिताना लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी अण्णा आमच्या खोलीत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "हेडमास्तर, मला त्या होडीत नेऊ नका. आमच्या घरी आषाढात एक वेळची पेज असायची. पण झापांनी शाकारलेली होडी वडिलांनी कधी बाहेर काढली नाही. आता नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मी चोरून गळ टाकला, तर त्यांना काय सांगू?" वडील जाऊन वीस वर्षे झाली होती. आम्ही निमूटपणे बेत रद्द केला. आगाऊ रक्कम परत आली नाही. ती आमच्या अज्ञानाची फी समजून सोडून दिली.

त्यानंतर मधल्या सुटीत अण्णांचा तास भरू लागला, आणि विद्यार्थी होतो आम्ही. पावसाळा हा कित्येक जातींच्या माशांचा विणीचा काळ. त्या दिवसांत एक मादी वाचली, तर पुढे असंख्य पिलांची आशा राहते. शिवाय खवळलेल्या दर्यापासून माणसाचाही जीव वाचतो. तांबोशीची गोष्ट आणखी निराळी. तिची पिले खाडीत, कांदळवनाच्या मुळांच्या आडोशाने वाढतात आणि मोठी झाल्यावर बाहेरच्या खडकांकडे जातात. हा मासा काही दशके जगू शकतो, पण वयात येण्यास त्याला वर्षे लागतात. एकदा खडक रिकामा झाला, की तो लवकर भरत नाही.

याच कुळातील तांबड्या माशासाठी अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात काय झाले, ते वाचून आम्ही चकित झालो. तेथे २०१७ साली किनाऱ्यापासून दूरच्या, केंद्राच्या अखत्यारीतील पाण्यात हौशी मासेमारांना आरंभी वर्षाकाठी फक्त ३ दिवस मिळाले. ओरड झाल्यावर त्यात ३९ दिवसांची भर पडली. आपल्याकडेही नियम थांबलेले नाहीत. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटला ती १३५ मिलिमीटर आहे. म्हणजे त्याहून लहान पापलेट धरणे गुन्हा.

अण्णांच्या नात्यातून एका सचोटीच्या नाववाल्याची गाठ पडली. आम्ही त्यास विचारले, "१ ऑगस्टला बंदी उठते, २ तारखेस येऊ का?" तो हसून म्हणाला, "गुरुजी, सरकारान दार उघडल्यान, पण दर्यान अजून उघडूक नाय. नारळ सोडूच्या आधी होडी लोटूची नाय, अशी आमची रीत." नारळी पौर्णिमा पंचांगाप्रमाणे मागेपुढे होते, २०२३ साली अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टला आली होती. बंदी निदान पौर्णिमेपर्यंत असावी, अशी काही मच्छीमार संघटनांची मागणीही आहे. त्यातच आणखी एक नियम निघाला : पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या नौका सिंधुदुर्गात मेअखेरीस बंद होतात, त्या १ सप्टेंबरलाच पुन्हा सुरू होतात. म्हणजे ऑगस्टमध्ये नाववाला मासे आणू शकतो, पण मास्तर नेऊ शकत नाही!

मग आम्ही फळ्यावर बेत मांडला. सप्टेंबरात शाळा, तेव्हा दसऱ्याची सुटी. परंतु नवरात्रात निम्म्या घरांत मासळी वर्ज्य. गळ टाकण्यास भांगाचे पाणी बरे, कारण तेव्हा ओढ कमी असते, दोरी सरळ उतरते. उधाणात शिसे तळाला ठरत नाही. भांग येतो अष्टमी-नवमीच्या आगेमागे. दशमीस दसरा, एकादशीस दोघांचा उपवास. नाववाला म्हणाला, "द्वादशीपर्यंत चलात." मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे, तेथे हद्दीचा विचार करावा लागतो. म्हणून वेंगुर्ले निश्चित केले. तारखेपासून सुरू झालेला आमचा हिशेब अखेर तिथीवर येऊन थांबला. अण्णांच्या वडिलांना हे फळ्याविना जमत होते.

दसऱ्याला सोने लुटले आणि एकादशीस आमचे सीमोल्लंघन झाले. हिंडलगा, बाची, शिनोळी, मग चंदगडचा मुलूख आणि पुढे आंबोली. वेंगुर्ले बंदरातील माल बेळगावच्या छावणीस पोहोचावा, म्हणून इंग्रजांच्या काळी वाहता झालेला हा जुना रस्ता. घाट उतरून सावंतवाडी मागे पडली, तेव्हा अण्णांनी काच खाली केली आणि वेंगुर्ल्यापर्यंत वर घेतली नाही. सायंकाळी हवामान खात्याची मच्छीमारांसाठीची सूचना पाहिली. इशारा नव्हता.

द्वादशीच्या पहाटे सातही जण जीवरक्षक जाकिटे घालून नौकेत बसलो. वेंगुर्ल्यासमोर काही मैलांवर खडकाळ बेटांचा पुंजका आहे. त्याच्या अलीकडे नांगर पडला. आमिषाला कोळंबी. आमचा एक नियम आम्हीच केला होता : दीड फुटापेक्षा लहान तांबोशी परत पाण्यात. दोन तास बांगड्यांखेरीज काही लागले नाही. मग निपाणीकरांच्या दोरीला ओढ लागली; वर आली ती हातभरही नसलेली तांबोशी. आम्ही शाळेची पट्टी काढली. एक फूट दोन इंच. जुलैमध्ये दंड भरण्यास निघालेल्या त्या गृहस्थांनी एक शब्द न बोलता हात ओले केले, गळ सोडविला आणि मासा पाण्यात सोडला. तो शेपटीचा एक फटका मारून खाली गेला.

अण्णांना उशिरा का होईना, एक मिळाली. दीड फुटांहून चांगली चार बोटे मोठी. ती त्यांनी मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिली. "रंग तोच आहे," एवढेच म्हणाले.

वाचकांपैकी कोणी असा बेत करील, तर त्यास आमचे अनुभवाचे सांगणे एवढेच : आधी बंदीची चालू वर्षाची तारीख पाहावी, कारण ती बदलते, मग नौकेचा प्रवासी परवाना, मग तिथी, मग हवामान, आणि सर्वांत शेवटी आपली रजा. आम्ही हा क्रम उलटा लावला होता. आता मे महिन्याच्या अखेरीस अण्णांचा न चुकता दूरध्वनी येतो : "हेडमास्तर, यंदाचे परिपत्रक वाचले काय?" वाचलेले असते. शाळेची घंटा होते, आणि तिकडे समुद्राची सुटी लागते.