पुंगार

होस्टेलच्या गच्चीवरच रेंज येते. रात्री साडेनऊला तिथून मी आत्याला फोन लावला आणि मोबाइलवरची पीडीएफ वाचून दाखवायला लागले. पुस्तक १८६६ सालचं. भाषा गोंडी, अक्षरं इंग्रजी. मला गोंडी येत नाही आणि आत्याला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. दोन ओळी झाल्यावर ती हसायला लागली.

"का वाचून राह्यली वं तू? मंत्र हाये का?"

"गाणं आहे. लिंगोचं."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "हळू वाच."

आम्ही परधान. गोंडांचे भाट म्हणा, पुजारी म्हणा, वंशावळ तोंडपाठ ठेवणारे म्हणा. माझा आजा किंगरी घेऊन ठरलेल्या घरांच्या दारी जायचा. त्यांच्या देवांची, म्हणजे पेनांची, गाणी म्हणायचा आणि धान्य, कापड, कधी बकरी घेऊन परतायचा. बाबांना एसटीत नोकरी लागली, आम्ही यवतमाळला आलो आणि घरातलं गोंडी थांबलं. शाळेत त्रास नको म्हणून, असं बाबा म्हणतात. किंगरी माळ्यावर गेली. तिच्या गजाचे केस उंदरांनी खाल्ले, हे मला फार उशिरा कळलं.

पुस्तकापर्यंत मी पोचले ती एमएच्या प्रोजेक्टमुळे. विषय होता एकोणिसाव्या शतकातली प्रवासवर्णनं. मी कॅप्टन जेम्स फॉर्सिथ घेतला, कारण तो सातपुड्यात हिंडला होता आणि मला वाटलं, निदान गावांची नावं तरी ओळखीची निघतील. १८६२ मध्ये तो पचमढीला पोचला, तिथे राहायला बंगला बांधला, पुढे जंगल खात्याचं काम करत रानं तुडवली. त्याचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' १८७१ मध्ये आलं आणि त्याच वर्षी तो गेला, जेमतेम तिशीत. मुखपृष्ठावर मजकुराची यादी आहे: जंगलं आणि रानटी जमाती, मग निसर्ग, मग शिकार. झाडं आणि वाघ यांच्या मधे कुठेतरी आम्ही.

तरी पुस्तक वाचनीय आहे, हे कबूल करायला हवं. माणसाला डोळे होते. साल, साग, मोह, रानम्हशी, सगळं तो असं लिहितो की आपण पान उलटत राहतो. मग एका प्रकरणात अचानक लिंगोची कथा येते, पद्यात! आणि ते पद्य लाँगफेलोच्या 'हायावाथा'च्या चालीवर आहे. आता ही गंमत बघा. लाँगफेलोनं १८५५ मध्ये 'हायावाथा' लिहिलं ते अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांच्या कथांवर. त्या त्यानं स्वतः ऐकल्या नव्हत्या, स्कूलक्राफ्ट नावाच्या माणसाच्या पुस्तकातून घेतल्या होत्या. छंद घेतला फिनलंडच्या 'कालेवाला'चा. म्हणजे सातपुड्यातला लिंगो फिनलंडचा कोट घालून, अमेरिकेमार्गे लंडनला पोचला. कोट बरा बसलाय म्हणून कौतुक फॉर्सिथचं.

पण फॉर्सिथला हे गाणं मिळालं कुठून? स्टीफन हिस्लॉपकडून. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून नागपुरात होता. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. तो शाळा चालवायचा, दगड-जीवाश्म गोळा करायचा आणि आदिवासींविषयी टिपणं ठेवायचा. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना, रात्री पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. मागे राहिलेले कागद रिचर्ड टेंपल या बड्या अधिकाऱ्यानं संपादित करून छापले. त्यात हे गाणं पाच भागांत आहे, मूळ गोंडीसकट. ते एका परधानाकडून उतरवून घेतलेलं आहे.

एका परधानाकडून. हे मी तीनदा वाचलं.

तर गच्चीवर. लिंगोचा जन्म फुलातून होतो, तिथपर्यंत मी आले. माझ्या उच्चारात तो शब्द काहीतरी भलताच झाला.

"पुंगार," आत्या म्हणाली. "पुंगार म्हन. फूल."

मग ती माझ्या पुढे निघाली. मी अर्धा शब्द वाचायचा, तिनं पुरा करायचा. भाऊ लिंगोला मारतात आणि त्याचे डोळे काढून गोट्यांसारखे खेळतात, ते तिला माहीत होतं. कावळा त्याला शोधतो, अमृतानं तो उठतो, तेही. आमच्याकडे बाया गायच्या नाहीत, पण दाराआड बसून ऐकायच्या. हिनं लहानपणी बापामागे किती दारं पाहिली असतील!

एका जागी मात्र आम्ही अडलो. पुस्तकात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो. का, तर त्यांच्या अंगाचा वास त्याला सहन होत नाही.

हे वाचताना माझा आवाज बदलला असणार. पहिल्या वर्षी आत्यानं वाळवलेली मोहफुलं माझ्याबरोबर पाठवली होती. रूममेटनं दुसऱ्याच दिवशी पिशवी दाराबाहेर ठेवली. "प्लीज, वास येतो." भांडण नाही, काही नाही. मी पिशवी उचलून कचऱ्यात टाकली. आत्याला सांगितलं, सगळ्यांना आवडली.

"हे बाबानं कई नाई म्हटलं," आत्या म्हणाली. "कोंडलं म्हने. वासाचं नाई."

कचारगडला, गोंदिया जिल्ह्यात सालेकशाजवळ, माघ पौर्णिमेला हजारो गोंड जमतात. तिथल्या कथेतही गुहा आहे, कोंडणं आहे, वास नाही. तिथे हिरासुका पाटालीर आहे, वादक. त्याच्या सुरांनी आतल्या पोरांना बळ आलं, त्यांनी शिळा ढकलली आणि तिच्याखाली तो चिरडला. मग वास कुणी घातला? लिहून घेणाऱ्यानं, की साहेबासमोर बसलेल्या परधानानंच, समोरच्याला काय रुचेल ते ओळखून? आमचा धंदाच तो होता. दारात कोण उभा आहे ते पाहून गायचं. किंवा त्याच्या गावात खरंच तसं म्हणत असतील. माझ्या प्रोजेक्ट गाइडना वाटतं की दोष वसाहतवाद्यावर टाकून मोकळं व्हावं. पण या पुस्तकाशिवाय त्या रात्री आत्याशी बोलायला माझ्याकडे काय होतं? जेवलीस का, आणि पाऊस आहे का.

"ज्यानं गायलं त्याचं नाव का होतं?" तिनं विचारलं.

"मला सापडलं नाही. परधान, एवढंच."

"एवढं लंबं गायलं त्यानं. देल्लं का काई त्याले?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतेय. तो प्रबंधात कुठल्या प्रकरणात बसेल, तेही.

रात्री अकराला तिची व्हॉइस नोट आली. सात मिनिटं. मागे पंख्याचा आवाज, मधे खोकला. मी ती सेव्ह केली. फोननं फाइलला तारीख आणि आकडे दिले होते, ते पुसून मी आत्याचं पूर्ण नाव टाइप केलं. गाणं फुलापासून सुरू होऊन कावळ्यापर्यंत येतं आणि तिथे ती थांबते.

"बाकी सकाळी म्हनतो. गुडघा दुखून राह्यला."