माहिती देणाऱ्याची सही

वंशाचा शोध जन्मापासून नव्हे, मरणापासून आरंभावा, हा या विद्येचा पहिला शिरस्ता आहे. जो मनुष्य एका देशात जन्मला आणि तारुण्यात दुसऱ्या देशात येऊन तेथेच मातीआड झाला, त्याला त्या नव्या मुलखात आला तेव्हा कोणी ओळखत नव्हते. परंतु तो वारला त्या दिवशी त्याची मुले, त्याचा डॉक्टर, त्याचा धर्मगुरू असे कितीतरी लोक त्याच्याविषयी काही ना काही सांगत आणि लिहून ठेवीत होते. माझ्या सुनेचे माहेर अमेरिकेच्या मिझुरी संस्थानातील सेंट लुइस शहरी, मूळच्या जर्मन घराण्यातले. तिच्या पणजोबांचे वडील हे त्या घराण्याचे अमेरिकेतील मूळ पुरुष. मोडी दप्तरे वाचण्यात उमेदीचा काळ घालविलेल्या मला तिने त्यांची हकीकत जुळविण्याचे काम सांगितले, तेव्हा लिपी, भाषा आणि धर्म सारेच परके असूनही कागदाला विचारावयाचा प्रश्न मात्र तोच राहिला: हे कोण सांगतो आहे, केव्हा सांगतो आहे, आणि जे सांगतो ते त्याने स्वतः पाहिले होते काय?

घरातील पहिला कागद म्हणजे कुटुंबाचे बायबल. त्या काळच्या घरगुती बायबलात जुन्या व नव्या करारांच्या मध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदींसाठी कोरी पाने बांधलेली असत, आणि ती घरच्याच माणसांनी भक्तिभावाने भरलेली असल्यामुळे त्यांवरील मजकूर वेदवाक्य मानण्याकडे वारसांचा कल असतो. परंतु या पानांवर थोरल्या अपत्याच्या जन्मापासून धाकट्याच्या विवाहापर्यंतच्या साऱ्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच तपकिरी पडलेल्या शाईच्या होत्या. आणि छपाईचे साल पाहावे, तर थोरली मुले तो ग्रंथ छापला जाण्यापूर्वीच जन्मलेली. म्हणजे घटना घडत गेल्या तशा त्या नोंदी झाल्या नव्हत्या. कोणीतरी पुढे केव्हातरी आठवणीवरून अथवा जुन्या चिटोऱ्यांवरून त्या एका बैठकीत उतरविल्या होत्या. एवढ्याने त्या खोट्या ठरत नाहीत. परंतु ती साक्ष प्रत्यक्षदर्शीची न राहता स्मरणाची होते, आणि स्मरणाची शहानिशा करावी लागते.

खानेसुमारीचे कागद निराळ्या रीतीने बोलतात. 1860 च्या पत्रकात या मूळ पुरुषाचे जन्मस्थान हॅनोव्हर, 1880 च्या पत्रकात प्रशिया, आणि 1900 च्या पत्रकात जर्मनी असे आहे. माणूस तोच आणि त्याची जन्मभूमीही तीच. पण 1866 साली हॅनोव्हरचे राज्य प्रशियाने खालसा केले आणि 1871 साली जर्मन साम्राज्य उभे राहिले, त्या सत्तांतरांचे पडसाद मिसिसिपीच्या काठी एका मजुराच्या नावापुढे असे उमटले. 1890 च्या खानेसुमारीची पत्रके वॉशिंग्टनमध्ये 1921 सालच्या आगीत आणि त्यानंतर बहुतेक नष्ट झाली, त्यामुळे मधली वीस वर्षे मुकीच राहतात. आणि गावाचे नाव तर कोठेच नाही, कारण ते विचारण्याची त्या कारकुनांना गरजच नव्हती. गाव कळल्यावाचून जर्मनीतील दप्तराचे दार उघडत नाही.

मिझुरीत मृत्यूचे दाखले संस्थानभर नियमाने ठेवण्यास 1910 साली आरंभ झाला, आणि हे गृहस्थ त्यानंतर वारले. त्या एका कागदावर दोन माणसे बोलतात. उजव्या बाजूस डॉक्टरने कोणत्या तारखेपासून उपचार केले, शेवटचे जिवंत केव्हा पाहिले आणि न्यूमोनियाने मृत्यू कधी आला, हे लिहून खाली सही केली आहे. डाव्या बाजूस मयताचे वय, जन्मतारीख आणि आईबापांची नावे आहेत, व त्याखाली माहिती देणारा म्हणून मुलाचे नाव आहे. डॉक्टरने जे सांगितले ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते. मुलाने जे सांगितले ते त्याच्या जन्मापूर्वीचे, समुद्रापलीकडचे होते. आईच्या नावाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ एवढेच शब्द आहेत.

गाव सापडले ते चर्चच्या दफनवहीत. अमेरिकेतील जर्मन धर्मगुरू मयताचे जन्मग्राम पुष्कळदा नोंदवीत, आणि वय वर्षे, महिने व दिवस अशा तपशिलाने लिहीत. मृत्यूच्या तारखेतून ते वजा केले की जन्मतारीख हाती येते. मुलाने सांगितलेल्या तारखेहून ती दोन वर्षांनी मागे जात होती. प्रशियात मुलकी नोंदणी 1874 साली सुरू झाली. त्यापूर्वीचा दाखला म्हणजे तेथील धर्मग्रामाची वही, आणि ती वही कुरेंट नावाच्या धावत्या जर्मन हस्ताक्षरात होती, ज्यात ‘ए’ हे अक्षर ‘एन’सारखे दिसते आणि ‘एन’शी गल्लत होऊ नये म्हणून ‘यू’वर लहानशी कमान काढतात. मोडीने जी सवय लावली होती ती येथे उपयोगी पडली: अक्षर अडले की अर्थाचा तर्क करावयाचा नाही, त्याच लेखकाच्या हातचे तेच अक्षर दुसऱ्या निःसंशय शब्दात शोधावयाचे. बाप्तिस्म्याच्या नोंदीतील जन्मदिवस वजाबाकीशी तंतोतंत जुळला. बालकाच्या तीन नावांपैकी हाक मारण्याचे नाव अधोरेखित होते, आणि आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह स्वच्छ लिहिलेले होते.

आता त्या ‘माहीत नाही’चे काय करावे? खरे नाव मिळाल्यावर तो रकाना खोडून टाकण्याचा मोह होतो. पण मी तो वंशावळीत तसाच राहू दिला, आणि शेजारी बाप्तिस्म्याची नोंद तिच्या तारखेसह लिहिली. बापाच्या दुःखात असलेल्या त्या मुलाने ठाऊक नसलेले नाव रचून सांगितले नाही, ही त्याची सचोटी आहे. आणि कुटुंबात आजीचे नाव दुसऱ्या पिढीतच कसे बुडाले, हीही त्या घराच्या स्थलांतराची एक खरीखुरी हकीकत आहे. पूर्वजांचे चरित्र म्हणजे अशा साक्षींचा समुच्चय. प्रत्येक ओळीपुढे ती कोणी सांगितली हे लिहिलेले असावे, आणि जेथे कोणीच काही सांगितले नाही तेथे जागा कोरी सोडावी. बंदरावरचा निरोप, बोटीवरचे दिवस, यांची चित्रे मला रंगविता आली असती; परंतु ब्रेमेनहून निघालेल्या उतारूंच्या याद्या बहुतांशी नष्ट झालेल्या आहेत आणि त्या दिवसांचा एकही साक्षीदार माझ्यापाशी नाही. मृतांना आपली बाजू मांडता येत नाही, म्हणून त्यांच्या तोंडी न बोललेला शब्द घालण्याचा अधिकार वारसांनाही नाही. एवढा संयम जो पाळील, त्यानेच दुसऱ्याच्या पूर्वजांच्या दप्तराला हात लावावा.